घोडीवरचं खोगीर

भाच्याची इलेक्ट्रिक गिटार परभणीला माझ्याकडे येते ती बहुधा एक तार तुटलेली घेऊनच. यंदा गणपतीच्या तोंडावर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तीच तार गेली, 'जी' (G) सुराची, पातळ बाजूनं तिसरी. "मामा, ह्या तारा लई भंगार निघाल्या," असं त्याचं म्हणणं. मी तुटका तुकडा उजेडात धरला. तार घोडीला टेकते, अगदी तिथंच तुटली होती. तारच वाईट असती तर दरवेळी वेगळ्या जागी तुटली असती.

तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तिला आपण घोडी म्हणतो. इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीवर प्रत्येक तारेला छोटीशी धातूची बैठक असते, तिचं नाव सॅडल, म्हणजे चक्क खोगीर. हे नाव देणाऱ्याला आपली घोडी ठाऊक नसणार, पण जुळलं झकास.

सॅडल खरखरीत झालंय का, हे बघायला आमच्या भागात साधन घरचंच आहे. बोंडातला चिमूटभर कापूस मी त्याच्या खाचेवरून ओढला. दोन तंतू अडकून राहिले. डोळ्यांना न दिसणारी ती बारीक धार. बोटानं तार ताणून सूर वाकवला की तार त्या धारेवर घासते, सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि बाइंडिंगची तार आपण मागंपुढं वाकवून तोडतो तशी ती थकून तुटते. नुसती धार असती तर बारीक पॉलिश पेपरनं काम भागलं असतं. पण घामातल्या मिठानं सॅडल वरखाली करायचे स्क्रू गंजून बसले होते. नवा संच आणणं भाग होतं.

भाच्यानं तो आधीच मागवून ठेवला होता. पितळी, झळझळीत आणि चुकीचा. जुन्या धाटणीच्या घोडीवर एकेक सॅडल साधारण 11.3 मिलिमीटर रुंद असतं, नव्या धाटणीच्या बऱ्याच घोड्यांवर 10.5. फरक एक मिलिमीटरही नाही, पण सहा सॅडलांचा मिळून जवळपास 5 मिलिमीटर होतो. शेवटचं खोगीर घोडीबाहेरच. म्हणून खरेदीआधी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर घोडीपाशी मोजा आणि पाचानं भागा. स्क्रूचे आटेही बघा. अमेरिकी गिटारवर बहुधा इंची, आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारवर मेट्रिक.

धातूबद्दल फार बोललं जातं. पितळ 'उबदार', पोलाद 'चकचकीत' वगैरे. थोडा फरक पडतही असेल, पण नवं सॅडल बसवताना माणूस ताराही नव्या टाकतो आणि तारांचं श्रेय पितळ घेऊन जातं. त्या वर्णनात मला खोगीरभरतीच जास्त दिसते. तार जिथून सुटते ती कड स्वच्छ हवी, हे मात्र खरं. तंबोऱ्यात आपण मुद्दाम रुंद, किंचित गोलसर घोडी ठेवतो, तार तिच्यावर घासत थरथरते आणि जवारी लागते. गिटारचं झिजून सपाट झालेलं सॅडल हेच नको तिथं करतं.

सॅडलचं खरं काम लांबी ठरवण्याचं. 1954 साली आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर प्रत्येक तारेचं सॅडल स्वतंत्रपणे मागंपुढं आणि वरखाली करता येऊ लागलं. त्याच कंपनीच्या त्याआधीच्या टेलिकास्टरवर दोन तारांत मिळून एक असायचं. याची गरज काय? या गिटारवर तारेची लांबी 648 मिलिमीटर धरलेली असते आणि बारावा फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) बरोबर अर्ध्यावर, 324 वर. अर्धी तार म्हणजे वरचं सप्तक. पण बोटानं दाबताना तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय जाड तार टोकापाशी ताठ राहते, मोकळेपणानं हलत नाही. म्हणून सॅडल थोडं मागं नेऊन तारेला जादा लांबी द्यायची.

आम्ही 10.5 चा संच आणला. सहा तारांचा मिळून ताण सुमारे 47 किलो, म्हणजे जवळपास सोयाबीनचा एक कट्टा, आणि गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा त्याला तोलून धरतात. सगळ्या तारा एकदम काढल्या की तोल जातो, म्हणून एक तार काढा, तिचं सॅडल बदला, नवी तार चढवा, मग पुढची. उंची नेमकी करून घ्या, कारण उंची बदलली की सूरही हलतो.

मग ट्यूनर, म्हणजे सूर काट्यावर दाखवणारं यंत्र. 'जी'ची मोकळी तार सुरात, बाराव्या फ्रेटवर 8 सेंट चढी. (एका अर्ध्या सुराचे 100 सेंट.) सॅडल 1 मिलिमीटर मागं गेलं की हा फरक पावणेतीन सेंटनी कमी होतो, म्हणजे 3 मिलिमीटर हवेत. आमच्या मेट्रिक स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर. भाच्यानं तार सैल केली, मोजून सहा फेरे दिले, पुन्हा सुरात आणली. काटा मध्यावर.

सगळं झाल्यावर सॅडलांची रांग वरून बघा. पातळ तारेपासून तिसऱ्या तारेपर्यंत ती मागं मागं जाते, चौथीला पुढं उडी मारते आणि पुन्हा मागं सरकते. चौथी तार दिसायला जाड, पण तिच्यावर वेटोळी गुंडाळलेली असतात. आतला गाभा तिसऱ्या तारेपेक्षा बारीक, त्यामुळे ती कमी ताठ. आमची पायरी अशीच आली, फक्त सहावं सॅडल अडलं. त्याच्या स्क्रूवरची छोटी स्प्रिंग पूर्ण दबली तरी सूर 3 सेंट चढाच. स्प्रिंग काढली, कटरनं तिची दोन वेटोळी उडवली, परत बसवली. दोन फेऱ्यांत बसलं.