गावचं हायस्कूल उभं राहिलं कसं?

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग पहिला, हे आता साऱ्या महाराष्ट्राला पाठ झालं आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी वेगळं विभागीय मंडळ झालं आणि २०१२ पासून हा विभाग दहावीत अव्वल आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. याच जिल्ह्यांतल्या मुख्याध्यापकांची झोप मात्र वेगळ्याच आकड्याने उडवली आहे. तो आकडा पटाचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे, निकष बदलले आणि वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर शिक्षकाचं पदच मंजूर न होण्याची वेळ आली. घाटावर एका गावात हजारभर घरं एकाला एक लागून असतात. इथे एका गावाच्या आठ वाड्या, मधे डोंगर, पऱ्या आणि साकव. अशा मुलखात वीसचा पट टिकवणं किती शाळांना जमणार?

या प्रश्नावर बोलायचं तर ही हायस्कुलं आली कुठून, ते आधी पाहावं लागतं. कोकणात सरकारने स्वतः काढलेली हायस्कुलं फार थोडी. बहुतेक गावांनी काढली, सरकार मागाहून आलं. आजच्या चर्चेत हा क्रम पार पुसला गेला आहे, आणि मला ते मनापासून खटकतं.

इंग्रजी अमलात गावातली शाळा म्हणजे मराठी शाळा. तिथे शिकायचं, ‘फायनल’ द्यायची आणि पास झालं की शाळामास्तर नाहीतर कारकून. पण परीक्षा तरी जवळ कुठे होती? दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. सुमारे ११० मैल, कुंभार्ली घाट चढून, पायी. तिथे पोचल्यावर ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सतरा पुरी झाली होती, अंगकाठी तेवढी किरकोळ होती. पुढे कोल्हापूरला जाऊन ते ही परीक्षा पास झाले. भारतरत्न कर्व्यांच्या चरित्रातला हा प्रसंग सगळे त्यांच्या जिद्दीचा म्हणून सांगतात. मला त्यात त्या वेळचं कोकण दिसतं. शिकायची इच्छा घरात होती, पण तिची दखल घेणारं ठिकाण शंभर मैलांवर होतं.

हायस्कूल तर त्याहून दुर्मिळ. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची वाट उघडली. १८८२ च्या हंटर आयोगाने पुढचं पाऊल टाकलं. सरकारने जिल्ह्याला नमुन्यादाखल एक हायस्कूल ठेवावं, माध्यमिक शिक्षणाचा बाकी भार खाजगी प्रयत्नांवर सोडावा, असं धोरण ठरलं. आता तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला बाणकोटची खाडी, दक्षिणेला वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा, मधे एकामागून एक खाड्या, पूल नाहीत, चार महिने पाऊस. एवढ्या मुलखाला सरकारी हायस्कूल रत्नागिरी शहरात. ज्यांची ऐपत होती किंवा पुण्या-मुंबईत नातेवाईक होते, ती मुलं तिकडे गेली. वार लावून जेवून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, पण ती सोयही एका जातीपुरतीच होती. कुणब्याच्या, भंडाऱ्याच्या, गाबिताच्या मुलाला वारावर जेवायला कोण बोलावणार होतं?

या सगळ्यात दापोलीची हकीकत निराळी आहे. तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, म्हणून अजूनही जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. छावणी उठली तरी पेन्शनर गावात राहिले आणि मिशनरी आले. एस.पी.जी. मिशनचं हायस्कूल इथे चाललं. आजच्या ए.जी. हायस्कूलच्या नावातला ए.जी. म्हणजे आल्फ्रेड गॅडने, या मिशनचेच पाद्री. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे याच मिशन हायस्कुलात शिकले. काणे मूळचे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. पालगडहून आलेले साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले आणि पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुर्डीचे, म्हणजे त्याच तालुक्यातले. सनातनी घरांतली मुलं पाद्र्यांच्या शाळेत जात होती, कारण दुसरं हायस्कूल नव्हतं. घरच्यांना धास्ती असे, तरी पाठवत.

दापोलीची दुसरी बाजू मात्र गौरवग्रंथांत सहसा येत नाही. गावात राहिलेल्या पेन्शनरांत महार समाजातले बरेच सैनिक होते. पलटणीत त्यांना लिहावाचायला शिकवलेलं, काही तर पलटणीच्या शाळेत मास्तर झालेले. आपल्या मुलांनी शिकावं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण गावच्या शाळेचं दार त्यांच्या मुलांना बंद. १८९० नंतरच्या दशकात या पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केले, दाद मागितली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत आमच्या मुलांना का घेत नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. जिथे प्रवेश मिळाला तिथेही मुलांना पडवीत, वेगळं बसवलं जाई. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा केवढा गहजब झाला होता! सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. भीमरावांच्या बालपणाची काही वर्षं तिथली.

‘शाळा लोकांनी काढल्या’ असं म्हणताना ‘लोक’ म्हणजे कोण, हे विचारलंच पाहिजे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सरकारी पैशावरच्या शाळाही सर्वांना खुल्या झाल्या. कागदावर खुल्या झाल्या. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना त्यानंतरही शाळांमध्ये मुलांना सरमिसळ बसवावं म्हणून शाळोशाळी फिरावं लागलं, यावरून वर्गात काय चाललं होतं ते कळतं. वर्गात एका बाकावर बसायला मिळणं ही कोकणात फार उशिरा आलेली गोष्ट आहे, आणि ती हायस्कुलांच्या इतिहासात इमारतींच्या आधी लिहायला हवी.

विसाव्या शतकात चित्र बदललं ते मुंबईमुळे. संस्थानिकांनी काढलेल्या शाळा होत्याच. मुरुड-जंजिऱ्याच्या सर एस.ए. हायस्कुलाला तिथल्या सिद्दी अहमदखान नवाबांचं नाव आहे. मोठ्या देणगीदारांच्याही होत्या. मुंबईत टोप्यांच्या व्यापारात नाव काढलेले अनंत शिवाजी देसाई टोपीवाला यांचं नाव मालवणचं हायस्कूल अजून मिरवतं. पेणला तर शाळेचं नावच ‘प्रायव्हेट हायस्कूल’. सरकारी नाही, आमची आहे, हे पाटीवरच लिहिलेलं. चिपळूणचं युनायटेड इंग्लिश स्कूल, लांजा, देवरूख, फोंडा इथली न्यू इंग्लिश स्कूल ही नावं पाहिली की १८८० साली पुण्यात टिळक-चिपळूणकरांनी काढलेल्या शाळेचा वारा किती दूर पोचला होता ते लक्षात येतं.

पण खेड्यापाड्यांतलं हायस्कूल नवाबाने किंवा शेटजीने काढलेलं नाही. ते गिरणीतल्या कामगाराने, गोदीतल्या हमालाने, पोस्टातल्या शिपायाने काढलं. परळ-लालबागच्या चाळींत गावागावांच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-तीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे. त्याच खोलीत रविवारी गावमंडळाची सभा भरायची. देवळाचा जीर्णोद्धार, पाणवठा, आणि मग एक दिवस हायस्कूल. दरमहा पगारावर वर्गणी ठरायची, पावतीपुस्तक छापून यायचं. भजनं, नाटकं करून पैसा उभा करायचे. म्हणून कोकणातल्या किती तरी संस्थांच्या नावात शेवटी स्वल्पविराम देऊन ‘मुंबई’ असं लिहिलेलं असतं. शाळा गावात, अध्यक्ष दादरला आणि कार्यकारिणीची सभा परळच्या एखाद्या सभागृहात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. ज्याचं घरच मनीऑर्डरीवर चाललं त्याला यात काही नवल नाही. किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांच्या वस्त्यांमध्येही हेच झालं. तिथे पैसा जहाजांवरून आणि पुढे आखातातून आला आणि त्यातून उर्दू माध्यमाची हायस्कुलं उभी राहिली.

शाळा सुरू व्हायची ती आठवीच्या एका वर्गाने. इमारत नसे. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, कुणाच्या घराची पडवी, जे मिळेल ते. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी, मग तेव्हाची अकरावी. दरम्यान कुणी जागा बक्षीसपत्राने द्यायचं, खाणीवरून जांभ्याचे चिरे यायचे, बायका डोक्यावरून वाळू वाहायच्या. श्रमदानाची नोंद कुठल्याच पाटीवर नाही. पाटी आहे ती देणगीची. वर्गाच्या दारावर छोटी संगमरवरी फरशी, तिच्यावर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ आणि खाली रक्कम. काही फरशांवरचे आकडे आज वाचताना लहान वाटतात. ती रक्कम देणाऱ्याच्या पगाराशी ताडून पाहा, म्हणजे त्याचं मोल कळेल.

शाळेत दुसरी एक वस्तू पाहण्यासारखी असते, ती म्हणजे जनरल रजिस्टर. लांबरुंद वही, कापडी पाठीची, शाईने लिहिलेली. नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, आणि अगदी उजवीकडे ‘शाळा सोडल्याचे कारण’. गावाची साठ-सत्तर वर्षं त्या शेवटच्या रकान्यात सापडतात. मुलगे मुंबईला जातात. मुलींची नावं आधी तुरळक, मग हळूहळू वाढत जातात. गावात हायस्कूल आल्याने सर्वांत जास्त कुणाचं आयुष्य बदललं असेल तर या मुलींचं. मुलाला मुंबईला काकाकडे पाठवता येत होतं, मुलीला कुणी पाठवत नसे.

सरकारची खरी मदत स्वातंत्र्यानंतर आली, आणि ती मोठी होती, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी मिळाली. ‘ईबीसी’ हा शब्द तेव्हापासून घराघरांत गेला. शिक्षकांच्या पगाराला अनुदान मिळू लागलं. १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीला संरक्षण आलं. तोपर्यंत बऱ्याच शिक्षकांनी अर्ध्या-पाऊण पगारावर, तोही उशिरा मिळत असताना, शाळा चालवली होती. मधल्या काळात अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ पासून दहावी बोर्डाची झाली. जमीन आणि इमारत संस्थेची, पगार सरकारचा, अशी वाटणी तेव्हापासून रुळली.

ही वाटणी दोन्ही बाजूंनी ढिली झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि वर्गणी देणारा हातच गेला. पुढची पिढी विरार-बदलापूरला स्थायिक झाली. ती गणपतीला येते, पण मुलं तिकडच्या शाळेत. घरटी मुलं कमी झाली, आणि जी उरली त्यांच्यासाठी तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी दारात येते. दुसरीकडे सरकारने २००१ मध्ये नव्या शाळांसाठी ‘कायम विनाअनुदान’ धोरण आणलं. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये काढला, तरी त्या शाळांची परवड तेवढ्याने थांबली नाही. वेतनेतर अनुदानाचं रडगाणं जुनंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातल्या शाळांचे पत्रे आणि कौलं उडवली, तेव्हा पुन्हा माजी विद्यार्थ्यांनाच फोन करावे लागले.

म्हणून ‘पट कमी, शाळा बंद’ हे गणित मला मान्य नाही. या शाळा सरकारने मोजून वाटलेल्या नव्हत्या, तेव्हा सरकारने एका आकड्याने त्या उचलणंही योग्य नाही. गावांचीही जबाबदारी आहेच. जवळजवळच्या दोन संस्थांनी भाऊबंदकीतून काढलेल्या दोन शाळा एक व्हायला हव्यात, तिथे संचालकांनी खुर्च्या सोडायला हव्यात. पण जिथे पुढचं हायस्कूल खाडीपलीकडे किंवा डोंगरापलीकडे आहे, तिथे वीसचा निकष लावताना अंतर आणि पावसाळा मोजलाच पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने महाराष्ट्रात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं ठरलं आहे. नववी-दहावीसाठी अशी अंतराची हमी कुठल्याच कायद्यात नाही. ती मिळवण्यासाठी कोकणातल्या संस्थांनी, मुंबईच्या मंडळांनी आणि आमदारांनी आता एकत्र भांडायला हवं.