लाईन गेली म्हणून तेलविहीर उफाळत नाही

आमच्या यवतमाळकडं आयटीआय झालेला पोरगा मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कामाला निघाला की आई धास्तावते. कारण वर्षानुवर्षं ऐकलेलं एकच: समुद्रात लाईन, म्हणजे वीज, गेली की तेलविहीर उफाळते अन् तेल काढायचा प्लॅटफॉर्म पेटतो. हे खरं नाही.

विहिरीचा सुरक्षा व्हॉल्व्ह दाबानं उघडा धरलेला असतो. हा दाब देणारा कंट्रोल सप्लाय तुटला की दाब सुटतो आणि स्प्रिंग त्याला बंद करते. म्हणजे उलटंच! शिवाय मुख्य वीज गेली तरी कंट्रोल सिस्टीम काही काळ बॅटरीवर चालू राहते.

आपण शेतातल्या पंपाला ऑटो, म्हणजे आपोआप सुरू करणारा स्विच, लावतो; लाईन येताच सगळे पंप एकदम उठतात, डीपी जळते. प्लॅटफॉर्मवर मात्र वीज आणि तेल काढण्याच्या प्रक्रियेचं नियंत्रण एकमेकांना जोडलेलं असतं. एक जनरेटर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर कमी गरजेच्या यंत्रांची वीज क्षणात कापली जाते, आणि मोठ्या मोटारी पुरेशी वीज आहे हे पाहून एकेक करून सुरू होतात. ही जोडणी सांभाळणारा इलेक्ट्रिशियन मला फार मोलाचा वाटतो.

धोका आहेच, तो लपवू नये. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ हा प्लॅटफॉर्म जळाला, माणसं गेली. पण तिथं जहाज धडकून गॅसची उभी पाइपलाइन फुटली होती. लाईन गेल्यामुळं ते घडलं नव्हतं.