पार्श्वभूमी : हब गियर, ड्रॉप हँडल आणि 1.6 मिलिमीटर

हब गियरची, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात (हबात) गियर बंद असलेली, लांबच्या प्रवासाची टूरिंग सायकल बांधायला घेतली की फ्रेम, कॅरियर, टायर यांचं गणित लवकर जमतं. अडतं ते हँडलपाशी. रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल हवं म्हणणारा आणि 14 गियरचं जर्मन हब हवं म्हणणारा बहुतेकदा एकच माणूस असतो आणि त्याच्या या दोन हौशी एका सायकलवर सुखासुखी नांदत नाहीत. यावरून निघणारे वाद ऐकले तर हे वैर मुळातलंच आहे असं वाटेल. तसं ते नाही. ते 1998 नंतरचं आहे आणि त्याचं कारण मोजून दाखवता येतं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं तीन गियरचं हब 1902 साली बाजारात आलं. सुरुवातीला गियर बदलायचा खटका सीटपुढच्या आडव्या दांड्यावर असायचा, त्यामुळे हँडल कोणतं हा प्रश्नच नव्हता. 1930च्या दशकाअखेरीस खटका हँडलवर आला, तोही पट्टीने नळीभोवती आवळायचा. सरळ, वाकडं, खाली वळलेलं, कुठल्याही हँडलवर तो चाले. ब्रिटनमधले क्लबचे सायकलस्वार तेव्हा ड्रॉप हँडलवरच फिरत आणि त्यांच्यासाठी गियरमधलं अंतर कमी ठेवलेली खास हबं निघत. म्हणजे ज्या जोडीवर आज एवढा काथ्याकूट होतो, ती त्या काळी रोजच्या वापरात होती. एकच जपावं लागे : दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक पोकळ जागा होती, तिथे कोणताच गियर लागत नसे. केबल जराशी ढिली झाली की पेडल अचानक फिरून जाई आणि उभं राहून पेडल मारणारा थेट हँडलवर आदळे.

फ्रान्समध्ये पर्यटक सायकलस्वारांचा कल डेरेलरकडे, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या गियरकडे होता. टूर द फ्रान्सने मात्र 1937 पर्यंत डेरेलरला दारातही उभं केलं नाही. पुढे डेरेलर जिंकला, हब गियर शहरातल्या सायकलींपुरतं उरलं आणि लांबच्या प्रवासात ड्रॉप हँडल आणि हब यांची गाठच पडेनाशी झाली. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं मागे वळलेलं हँडल त्याच इंग्रजी घराण्यातलं, पण तिला गियरच नव्हते.

खरी घडामोड 1988 ते 1998 या दहा वर्षांतली. 1988 साली अमेरिकेत मूठ पिळून गियर बदलायचा शिफ्टर आला, मोटरसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखा. 1990 साली जपानी कंपनीने रेसिंग सायकलच्या ब्रेक लिव्हरमध्येच गियरचा खटका बसवला आणि हात न हलवता गियर बदलायची सवय ड्रॉपवाल्यांना कायमची लागली. 1996 साली व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक आले. त्यांना केबल जास्त ओढावी लागते आणि ड्रॉप हँडलचे नेहमीचे लिव्हर तेवढी ओढत नाहीत. त्यामुळे भक्कम टूरिंग फ्रेम सरळ हँडलकडे आणखी थोड्या झुकल्या. सरळ हँडलची मुठीकडची नळी 22.2 मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंचाचे सात अष्टमांश. ड्रॉप हँडलची 23.8. फरक 1.6 मिलिमीटर, इंचाचा सोळावा हिस्सा.

1998च्या सुमारास जर्मनीतल्या कासेलजवळच्या कारखान्यातून 14 गियरचं हब विकायला आलं आणि आपल्यासोबत एकच शिफ्टर घेऊन आलं : पिळायचा, अखंड नळीचा, 22.2च्या हँडलसाठीचा. ड्रॉप हँडलच्या टोकातून तो आत सरकतच नाही. भोक मोठं केलं तरी वळणं ओलांडून तो वर यायचा नाही. या एका निर्णयावरून कारखान्याला जितकी दूषणं मिळाली तितकी त्या हबच्या किमतीवरूनही मिळाली नसतील. 'ड्रॉपवाल्यांना मुद्दाम डावललं' असं अजूनही ठासून सांगितलं जातं.

मला हा आरोप अर्धाच पटतो. नेहमीच्या गियरमध्ये एक केबल असते. लिव्हर ती ओढतो आणि सोडली की पलीकडची स्प्रिंग तिला परत खेचते. डेरेलरमध्ये हे असंच चालतं आणि जुन्या इंग्रजी हबातही असंच होतं. या जर्मन हबात केबल दोन आहेत. एक ओढली की दुसरी तेवढीच सुटते आणि गियर दोन्ही दिशांना हाताच्याच जोराने बदलतो. परत खेचणारी स्प्रिंग नाही. गियरचे खटकेही शिफ्टरमध्ये नाहीत, ते हबाच्या पोटात आहेत. हातातला शिफ्टर म्हणजे जवळपास नुसती फिरती चकती. म्हणूनच केबल ताणली गेली तरी गियर बिघडत नाहीत. ज्या हबाला केबलची पेटी बाहेरून बसवलेली असते, त्याची केबल अगदी तुटली तरी पेटी काढून आतला षट्कोन 8 मिलिमीटरच्या पान्याने फिरवता येतो आणि चालण्याजोगा गियर लावून पुढचं गाव गाठता येतं. ज्याला आठ-पंधरा दिवस दुकान भेटणार नाही त्याच्यासाठी हे वरदानच आहे. एवढं पदरात पाडून घ्यायचं तर रेसिंगच्या लिव्हरमधली एकाच दिशेने ओढणारी यंत्रणा इथे कामाची नाही. जी हालचाल दोन्हीकडे सारख्याच सहजतेने होते, ती पिळण्याचीच. शिवाय थांबलेल्या सायकलवर चौदाव्यावरून तिसऱ्यावर मनगटाच्या दोन-तीन झटक्यांत येता येतं. डेरेलरला हे जमत नाही.

पण भोकाचा व्यास आणि नळीचं अखंडपण यांचा केबलशी काही संबंध नव्हता. दोन भागांत उघडणारा शिफ्टर पहिल्या दिवशीच करता आला असता. तो केला नाही, कारण गिऱ्हाइक डोंगरी सायकलवालाच असणार असं धरून चाललं होतं. प्रत्यक्षात या हबाची कीर्ती पसरली ती जगप्रवासाला निघालेल्यांमुळे. त्यातले बरेचजण ड्रॉप हँडलवर वाढलेले.

मग खटपटी सुरू झाल्या. एकाने ड्रॉपच्या टोकात खोचायची लहान नळी काढली आणि शिफ्टर तिथे बाहेर लटकवला. गियर बदलायला हात पार खाली न्यावा लागे आणि सायकल भिंतीला टेकवली की आधी शिफ्टरच आपटे. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या एका सायकल बांधणाऱ्याने स्टेमपाशी, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागापाशी, आखूड आडवी दांडी बसवली आणि तिच्यावर शिफ्टर चढवला. काम चाललं, पण हँडलवरच्या पिशवीची जागा गेली. कोणी ड्रॉप हँडलच मधोमध दोन तुकड्यांत केलं, म्हणजे शिफ्टर आतल्या बाजूने सरकवता येईल. उघडणारे आणि मोठ्या भोकाचे शिफ्टरही पुढे आले. या सगळ्यांत एक खोट राहिली : हात ब्रेकवर असताना गियर हाताशी नसतो. सपाटीवर त्याचं काही वाटत नाही. आंबेनळीसारख्या घाटात भरल्या सायकलीवर आठव्यावरून सातव्यावर येताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर मध्येच चौदावा लागल्यासारखा झटका बसतो. अशा वेळी एक हात भलतीकडे असणं परवडत नाही.

या गोंधळात ड्रॉप सोडून दिलेल्यांची सोय झाली ती फुलपाखराच्या आकारात वळवलेल्या बटरफ्लाय हँडलने. जर्मनी-नेदरलँड्सच्या लांब पल्ल्याच्या सायकलींवर 1990च्या दशकात ते सर्रास दिसू लागलं. नळी 22.2ची, त्यामुळे शिफ्टर बिनबोभाट बसतो. हात ठेवायला चार जागा मिळतात. ही चैन नव्हे. तासन्‌तास एकाच पकडीत तळव्यातली नस दाबली जाते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात, ते टाळायचं असतं. त्याची उणीव कॅटलॉगमध्ये दिसत नाही : ब्रेक आणि शिफ्टर स्वाराकडच्या टोकांवर असतात आणि वाऱ्यात वाकून पुढच्या कमानीवर हात नेले की दोन्ही सुटतात. सरळ भागही आखूड असतो. ब्रेक, शिफ्टर आणि मूठ हे त्यातच मावलं पाहिजे, म्हणून नेहमीच्या 13 सेंटिमीटरच्या मुठीऐवजी 9 सेंटिमीटरची आखूड मूठ घ्यावी लागते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका फ्रेमकाराने 45 अंश मागे वळलेलं आणि पुढे आणखी एक कमान असलेलं हँडल काढलं. आज या हबाबरोबर ते बरंच दिसतं आणि मनगटाच्या दृष्टीने मला ते बटरफ्लायपेक्षा सरस वाटतं. भरलेल्या पॅनियर (चाकाच्या बाजूंच्या पिशव्या) घेऊन उतारावर वळताना त्याची रुंदीही कामी येते.

जपानी हबांचा प्रश्न तुलनेने सोपा होता. 8 आणि 11 गियरच्या त्या हबांना केबल एकच, स्प्रिंग हबात, म्हणून ड्रॉपसाठी लिव्हर आणि टोकाला लावायचे खटके इतरांनी बनवले. 2012च्या सुमारास 11 गियरच्या हबाला विजेवर चालणारी यंत्रणा मिळाली आणि नळीच्या जाडीचा मुद्दाच निकालात निघाला. पण 8 गियरच्या हबाचा पल्ला, म्हणजे सर्वात हलक्या आणि सर्वात जड गियरमधलं प्रमाण, 307 टक्के, 11चा 409 आणि जर्मन हबाचा 526. सामान लादून चढणाऱ्याला शेवटचाच आकडा दिसतो आणि त्याला चार्जिंगची चिंताही नको असते.

जर्मन हबासाठी दोन रेसिंग लिव्हर वापरायची पेटीही एका कारागिराने काढली. डावा लिव्हर एका दिशेला ओढतो, उजवा दुसऱ्या दिशेला. परत फिरायचं काम हबापाशी बसवलेली खटक्यांची पेटी करते. दोन केबलचं कोडं अखेर असं सुटलं. मात्र एका दाबात एकच गियर बदलतो, चौदाव्यावरून तिसऱ्यावर यायला अकरा वेळा दाबावं लागतं. आणि ही पेटी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतं की त्यांची फ्रेम सरळ हँडलसाठी कापलेली आहे, म्हणजे वरचा दांडा लांब. ड्रॉप हँडल आणि त्यावरचे लिव्हर पकड आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे नेतात. मग स्टेम आखूड करत करत पार 5 सेंटिमीटरवर येतो, नाहीतर फ्रेमच बदलावी लागते.