अगंज पोलादाचे पृष्ठसंस्करण

अगंज पोलाद, म्हणजे घरोघरी ज्याला नुसते ‘स्टील’ म्हणतात ते, वारंवार येणाऱ्या भाराने तडकू नये व गंजू नये म्हणून त्याच्या पृष्ठभागावर करावयाच्या क्रिया. श्रांतीची, म्हणजे वारंवार भार येऊन धातू थकल्याने पडणारी, भेग बहुधा पृष्ठभागावरच सुरू होते. गंजाची खाच असल्यास तिच्यातून लवकर निघते.

सुमारे १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेल्या पोलादावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक पटल आपोआप धरतो. या निष्क्रियतेच्या, म्हणजे धातूवर रासायनिक क्रिया न होण्याच्या, कारणाविषयी मतभेद आहेत. तीव्र नायट्रिक अम्लात लोखंड विरघळत नाही, असे रसायनज्ञ जेम्स कीर यांनी १७९० मध्ये नोंदवले. रसायनज्ञ शोनबाइन यांनी १८३६ च्या सुमारास हा विषय फॅराडे यांच्यापुढे ठेवला व फॅराडे यांनी ऑक्साइडसदृश पटलाची कल्पना मांडली. विसाव्या शतकात गंजाचे अभ्यासक उलिग यांनी ऑक्सिजनच्या अधिशोषणावर, म्हणजे तो पृष्ठभागाला नुसता चिकटून राहण्यावर, भर दिला. पटलात क्रोमियमसमृद्ध ऑक्साइड प्रत्यक्ष आढळत असल्याने फॅराडे यांचे पारडे जड दिसते.

शॉट पीनिंगमध्ये बारीक गोळ्यांच्या माऱ्याने वरच्या थरात संपीडक प्रतिबल (थर दाबून धरणारा अंतर्गत जोर) आणतात, त्यामुळे भेग सहजी उघडत नाही. माऱ्याची तीव्रता त्याच माऱ्याखाली धरलेल्या आल्मेन पट्टीला (पोलादाच्या पातळ चाचणी-पट्टीला) आलेल्या बाकावरून ठरवतात. गोळ्या साध्या पोलादाच्या असल्यास लोखंडाचे कण रुततात आणि गंज तेथूनच धरतो. म्हणून काचेच्या किंवा सिरॅमिकच्या गोळ्या वापरणे श्रेयस्कर. नंतर नायट्रिक वा सायट्रिक अम्लाने निष्क्रियन करतात, म्हणजे रुतलेले लोखंड काढून संरक्षक पटल नीट धरू देतात. विद्युत्-पॉलिशने (अम्लात वीज सोडून वरचा थर विरघळवण्याने) खडबडीतपणा जातो. मात्र ते जास्त झाले तर कमावलेला संपीडित थरही विरघळून जातो. पृष्ठभाग कठीण करण्यासाठी नायट्रोजन मुरवण्याची क्रिया ऑस्टेनाइटी प्रतींत (३०४, ३१६ यांसारख्या निकेलयुक्त प्रकारांत) सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या आत ठेवतात; त्याहून अधिक तापमानाला क्रोमियम नायट्राइड वेगळे पडून गंजरोध घटतो.

मुंबईच्या खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या कठड्यांवर चहासारखे तपकिरी डाग पडतात. पावसाने धुतली जाणारी वरची बाजू त्यामानाने बरी राहते. नळीच्या पोटाला आणि जोडाच्या सांदीत मीठ साचते, तेथे डाग आधी दिसतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमची ३१६ प्रत अधिक टिकते, पण तिचाही पृष्ठभाग खरखरीत असल्यास मीठ धरून ठेवतो. वेल्डिंगलगतचा निळसर पट्टा वरवर बफ मारून घालवला तरी खालचा क्रोमियम घटलेला थर राहू शकतो. तो पिकलिंग पेस्टने काढावा लागतो. या पेस्टमध्ये नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक अम्ले असल्याने ती उघड्या हाताने लावू नये.