कुरूप कापले तरी परत का येते?

हर्णै बंदरावर होड्या लागल्या, की मासळीचा लिलाव ओल्या वाळूतच सुरू होतो. सगळ्यांचे लक्ष सुरमई-पापलेटाच्या ढिगांकडे असते. माझे मात्र हल्ली पायांकडे जाते. होडीपासून किनाऱ्यापर्यंत अनवाणी ये-जा करणाऱ्या खलाशाचा तळवा चामड्यासारखा जाड झालेला असतो, आणि तो शिंपल्यांच्या कचावरून निर्धास्त चालत जातो. त्याच्याच शेजारून डोक्यावर पाटी घेतलेली एखादी बाई झिजलेल्या रबरी स्लिपरमध्ये पाऊल तिरके टाकत, पायाच्या कडेवर भार देत जाते, कारण तिच्या चवड्याखाली वाटाण्याएवढे कुरूप आहे. दोघांच्याही पायांत मुळात एकच गोष्ट घडलेली आहे, पण एकाला तिने संरक्षण दिले आणि दुसरीला वेदना. हा फरक कशामुळे पडतो, हे कळले तर कुरुपावरचे निम्मे उपचार समजल्यासारखे आहेत.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी मृत असतात. खोलवर तयार झालेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत तिच्यात केराटिन नावाचे चिवट प्रथिन साठत जाते आणि साधारण महिनाभराने ती पृष्ठभागावरून गळून पडते. पापणीवर ही बाह्यत्वचा जेमतेम 0.05 मिलिमीटर जाडीची असते, तर तळव्यावर ती सुमारे 1.5 मिलिमीटर भरते. म्हणजे तळवा जन्मतःच जाड कातडीचा आहे. त्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडू लागला किंवा घासले जाऊ लागले, की खालच्या पेशी अधिक वेगाने तयार होतात, वरच्या पेशी मात्र वेळेवर गळत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. दाब पसरट जागेवर विभागला गेला, तर तयार होतो तो घट्टा. तो पिवळसर आणि जाड असतो, त्याची कड अस्पष्ट असते आणि बहुधा तो दुखत नाही. तोच दाब एखाद्या हाडाच्या टोकाखाली, नाण्याहूनही लहान जागेवर एकवटला, तर मृत पेशींचा गच्च गाभा बनतो आणि तो खिळ्यासारखा, टोक आतल्या बाजूला करून रुततो. हेच कुरूप, काही भागांत याला भोवरी म्हणतात. दर पावलागणिक हे टोक खालच्या जिवंत त्वचेतील मज्जातंतूंवर दाबले जाते आणि माणूस कळवळतो.

करंगळीच्या बाहेरच्या अंगाला किंवा वाकड्या झालेल्या बोटाच्या पेरावर येणारे कुरूप कठीण आणि कोरडे असते. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या बेचक्यात येणारे मात्र घामाने आणि पाण्याने भिजून मऊ, पांढरट राहते. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्यांचा त्यामुळे गोंधळ होतो, कारण बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्याही तशाच पांढऱ्या दिसतात. चिखल्यांना खाज आणि आग असते व त्या बहुधा अनेक बेचक्यांत पसरतात; मऊ कुरूप एका ठरावीक जागी असते आणि दोन बोटे एकमेकांवर दाबली की तिथेच ठणकते.

अनवाणी चालण्याने आलेल्या घट्ट्यांविषयी 2019 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लक्षवेधी संशोधन प्रसिद्ध झाले. केनियातील अनवाणी चालणाऱ्या आणि बूट वापरणाऱ्या लोकांच्या तळव्यांची त्यात तुलना केली होती. अनवाणी चालणाऱ्यांची कातडी अपेक्षेप्रमाणे जाड निघाली, पण त्या जाडीमुळे तळव्याची संवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा कडक असल्याने जमिनीचा स्पर्श त्याच्यातून आतल्या मज्जातंतूंपर्यंत नीट पोहोचतो. जांभ्याच्या पाखाडीवरून अंधारातही पाय न अडखळता उतरणारी आमच्याकडची जुनी माणसे पाहिली, की हे पटते. असा सारख्या जाडीचा, न दुखणारा घट्टा हा आजार नाही आणि तो मुळापासून खरवडून काढण्याचा हट्ट धरू नये. मांडी घालून तासन् तास बसणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर येणारा काळसर घट्टाही याच जातीचा. बसताना त्याखाली मऊ घडी घेतली तरी पुरते.

दुखणारी प्रत्येक जाड जागा कुरूपच असते असेही नाही. पायावरची चामखीळ विषाणूमुळे होते आणि तळव्यावर ती हुबेहूब कुरुपासारखी दिसू शकते. डॉक्टर ती ओळखतात ती बारीक खुणांवरून. कुरुपावर थेट अंगठ्याने दाबले तर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली तर जास्त दुखते. कुरुपावरून त्वचेच्या रेषा तशाच पुढे गेलेल्या दिसतात, चामखिळीपाशी त्या तुटतात. आणि वरचा थर तासल्यावर चामखिळीत काळे ठिपके किंवा रक्ताचे बारीक थेंब दिसतात. तळव्यावर नव्याने उमटलेला, आकार किंवा रंग बदलणारा काळा डाग मात्र कुरूप समजून कधीही अंगावर काढू नये, कारण त्वचेचा एक घातक कर्करोग तळव्यावरही होतो.

कोकणात कुरुपावर आणि टाचेच्या भेगांवर काजूच्या टरफलाचे काळे तेल लावण्याची रीत आहे. हे तेल होडीच्या आणि घराच्या लाकडाला लावतात, कारण ते कीड लागू देत नाही. जे किडीला भाजते, ते कातडीलाही भाजते. त्यातील अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये त्वचेवर फोड आणतात. बिब्बाही याच कुळातला, आणि ज्याच्या चिकाने दर वैशाखात कोणाचे ना कोणाचे ओठ सुजतात तो आंबाही याच कुळातला. माझ्या आजीने करंगळीवरच्या कुरुपाला असे तेल लावले होते. कुरूप जेवढे होते तेवढेच राहिले, शेजारची चांगली कातडी मात्र सोलून निघाली आणि पुढचे तीन आठवडे तिला पायात काही घालता आले नाही. कोकमतेलाची गोष्ट वेगळी. ते कोमट करून रात्री टाचेला चोळल्यास कोरडी कातडी मऊ राहते, भेगा कमी होतात आणि इजा काही होत नाही. कुरुपाचा गाभा मात्र त्याने विरघळत नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारी कॉर्न कॅप म्हणजे मध्यभागी औषधाची चकती असलेली चिकटपट्टी. त्या चकतीत बहुधा 40 टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. मृत पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे बंध ते सैल करते आणि जाड थर पांढरा, भुसभुशीत होऊन सुटतो. निरोगी माणसाने ती नीट वापरली तर उपयोग होतो. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून कोरडा करावा, सभोवतालच्या त्वचेला व्हॅसलीन लावावे आणि चकती नेमकी कुरुपावर बसवावी. या आम्लाला मृत आणि जिवंत कातडी यांतला भेद कळत नाही. चकती घसरली, की चांगली त्वचा जळते. म्हणून मधुमेह असलेल्या, पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्या किंवा तळव्याची संवेदना गेलेल्या व्यक्तीने ती स्वतःच्या मनाने लावूच नये.

त्वचारोगतज्ज्ञाकडील किंवा शल्यविशारदाकडील उपचार दिसायला अगदी साधा असतो. स्पिरिटने जागा पुसून घेतली जाते, एका हाताने कातडी ताणून धरली जाते आणि बारीक पात्याची सुरी जवळजवळ आडवी धरून थर एकेक करून तासले जातात. ओल्या खोबऱ्याच्या कापांसारखे पातळ, पिवळट-पांढरे पापुद्रे निघत राहतात. या थरांत ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू, त्यामुळे भूल द्यावी लागत नाही. थोड्या वेळाने मध्यभागी मेणासारखा, किंचित पारदर्शक गाभा दिसू लागतो. पात्याच्या टोकाने तो कडेने सोडवून उचलला, की तिथे एक लहानसा खळगा उरतो आणि टेबलावरून उतरून पाय टेकताक्षणी माणसाचा चेहरा बदलतो. पूर्वी गावोगावचे न्हावी नराणीने हेच काम करत आणि अनेकांचा हातही चांगला होता. पण हत्यार निर्जंतुक नसायचे आणि थांबायचे कुठे हा प्रश्न अंदाजावर सुटायचा.

हा आराम किती दिवस टिकतो, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये 202 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सॅलिसिलिक आम्लाची पट्टी आणि सुरीने तासणे या दोन उपचारांची तुलना केली होती. तीन महिन्यांनंतर पट्टी लावलेल्यांपैकी 34 टक्क्यांचे आणि तासून घेतलेल्यांपैकी 21 टक्क्यांचे कुरूप नाहीसे झालेले होते. पट्टी सरस ठरली हे खरे, पण मला या आकड्यांची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: तज्ज्ञ हातांनी उपचार होऊनही दोन्ही गटांतील बहुसंख्य लोकांचे कुरूप तीन महिन्यांनी होतेच. ‘मूळ राहिले म्हणून परत आले’ असे आपण म्हणतो. कुरुपाला झाडासारखे मूळ नसते. परत येतो तो दाब, आणि त्याच्या पाठोपाठ कातडी पुन्हा आपले काम करू लागते. याच कारणाने अख्खे कुरूप कापून काढून टाके घालण्याची घाईही बरी नव्हे. दाब तसाच राहिला तर ते पुन्हा होते आणि शिवाय तळव्यावर राहिलेला व्रण स्वतःच दुखू शकतो. बोट वाकडे झाल्याने हाडच वर आले असेल आणि इतर उपाय थकले असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञ हाडावर शस्त्रक्रिया करतात. तीही दाब काढण्यासाठीच असते.

मधुमेहात हे सारे प्रकरण उलटे होते आणि म्हणून अधिक भयंकर. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की तळव्याच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. कुरूप दुखत नाही, माणूस त्यावर मैलोन् मैल चालतो, जाड थर पायात खडा रुतावा तसा आत दाबत राहतो आणि त्याच्याखाली रक्त साकळून जखम तयार होते. घट्ट्याच्या आत लालसर-काळा डाग दिसला, तर आत जखम सुरू झाली आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींचे घट्टे तासल्यावर त्या जागेवरचा सर्वाधिक दाब सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. त्यामुळे त्यांच्या बाबतीत नियमित तासून घेणे ही पाय वाचवण्याची गोष्ट आहे. ते डॉक्टरांकडूनच करून घ्यावे, घरच्या ब्लेडने कदापि नाही. संवेदना तपासण्यासाठी डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवतात. 10 ग्रॅम भाराला तो वाकतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाला तो स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात आहे असे धरतात. अशा व्यक्तीने शिमग्याच्या पालखीत अनवाणी नाचणे आणि भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालणे टाळावे. देवाची भक्ती सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वीही करता येते.

बधिर पायांविषयीचे हे ज्ञान भारतातच घडले, याचा मला अभिमान वाटतो. ब्रिटिश शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये तमिळनाडूतील वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले, की या रुग्णांच्या तळव्यावरील जखमा मांस आपोआप सडल्यामुळे होत नसून वेदना न कळल्याने त्याच जागी वारंवार दाब पडत राहिल्यामुळे होतात. त्यातून मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेल्या चपला पुढे आल्या. त्या आजही एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल या नावाने कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींना दिल्या जातात.

तेव्हा प्रतिबंधाची सुरुवात पादत्राणांपासून करावी लागते. पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजतात, म्हणून चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, आणि अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते हे विसरू नये. कागदावर उभे राहून पावलाची कड पेन्सिलीने आखावी आणि त्यावर बूट ठेवून पाहावा. रेषा बुटाबाहेर दिसली, तर तेवढी बोटे आत चेपली जाणार आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या कडक सँडल आणि मागे पट्टा नसलेल्या स्लिपर या बाबतीत फार त्रास देतात. भिजलेली कातडी फुगून मऊ होते, पाय आत घसरतो, स्लिपर सुटू नये म्हणून बोटे आकसून धरावी लागतात आणि चवडा दर पावलाला घासतो. पाटी किंवा लाकडाची मोळी डोक्यावर घेणाऱ्यांनी तर मागे पट्टा असलेली, जाड आणि मऊ तळाची चप्पलच वापरावी. बोटांच्या बेचक्यात सिलिकॉनची गादी आणि चवड्याखाली कुरुपाच्या जागी भोक ठेवलेली फेल्टची चकती घातली, की भार आजूबाजूला वाटला जातो. आंघोळीनंतर कातडी ओली असताना आठवड्यातून एक-दोनदा वज्री हलक्या हाताने फिरवावी, आणि 10 ते 20 टक्के युरिया असलेले मलम लावावे. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्याच ठेवाव्यात.

डॉक्टरांकडे जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल पिशवीत घालून न्यावी. जाणता डॉक्टर पायाआधी तीच उलटीसुलटी करून पाहतो. वापरलेल्या रबरात टाच कुठे खचली आहे, अंगठ्याचा ठसा किती खोल आहे, हे सगळे उमटलेले असते; आणि चवड्याच्या जागी बोटाने चाचपले, की ज्या ठिकाणी रबर पार झिजून कागदाएवढे पातळ झाले आहे, तिथे पाऊल ठेवून पाहिल्यावर नेमके वर कुरूप येते.