बाजार-रेजीम इतिहास साधन

शेअर बाजाराच्या मागील अवस्थांची माहिती एआय एजंटला (स्वतः साधने वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामला) तारीखवार मागता यावी, यासाठी बांधलेली सेवा. बाजार काही काळ ज्या चालीने वागतो, त्या चालीला रेजीम म्हणतात : तेजी, मंदी, शांत बाजार, मोठ्या चढउतारांचा बाजार. एजंट निर्देशांक आणि कालावधी कळवतो. साधन त्या काळात कोणती अवस्था होती, ती कधी सुरू झाली आणि ती केव्हा कळली, हे सांगते. यांतला ‘केव्हा कळली’ हा भाग सर्वांत मोलाचा, आणि घाईत बांधलेल्या साधनांत नेमका तोच राहून जातो.

एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक १९ फेब्रुवारी २०२० रोजी ३३८६.१५ या शिखरावर बंद झाला. शिखरापासून २० टक्के घसरण झाली की मंदी, आणि ती मोजायची शिखराच्या दिवसापासून, असा रूढ नियम आहे. २० टक्क्यांची रेषा ओलांडली गेली १२ मार्चला. तळ २३ मार्चला २२३७.४० वर लागला. पण तो तळच होता यावर १८ ऑगस्टला, बंद भाव जुन्या शिखराच्या वर गेला तेव्हा शिक्कामोर्तब झाले. आज मागे वळून केलेला तक्ता २ मार्चच्या ओळीत ‘मंदी’ लिहितो, मात्र त्या दिवशी या नियमाने तसे म्हणता येत नव्हते. १५ जूनच्या ओळीत तो ‘तेजी’ लिहितो. त्या दिवशीच्या तक्त्यात अजून मंदीच होती. आजच्या तक्त्यावर बॅकटेस्ट केला, म्हणजे खरेदी-विक्रीची व्यूहरचना जुन्या काळावर चालवून पाहिली, की ती पडझडीआधी बाहेर पडते आणि तळाला खरेदी करते. अशा निकालाला काडीची किंमत नाही. अर्थव्यवस्थेच्या अवस्थांत हे अंतर आणखी वाढते : अमेरिकेतील मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाल्याचे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने जाहीर केले ते १ डिसेंबर २००८ रोजी, आणि जून २००९ मध्ये ती संपल्याचे २० सप्टेंबर २०१० रोजी.

म्हणून प्रत्येक नोंदीला दोन तारखा लागतात : अवस्था लागू झाल्याची आणि ती ज्ञात झाल्याची. निष्कर्ष बदलला तरी जुनी ओळ खोडत नाहीत, नवी ओळ खाली जोडतात. मागणीत ‘या तारखेपर्यंत जे माहीत होते तेवढेच’ अशी ज्ञान-तारीख सक्तीची ठेवावी. ती न दिल्यास आजची तारीख गृहीत धरणे ही सोय नव्हे, सापळा आहे. अशा मागणीला सरळ त्रुटी-संदेश द्यावा.

अवस्था ठरते नियमाने किंवा संख्याशास्त्रीय मॉडेलने. जेम्स हॅमिल्टन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेच्या एकूण राष्ट्रीय उत्पादनावर मार्कोव्ह-बदल मॉडेल (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची संभाव्यता मांडणारे मॉडेल) वापरले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्यात उद्याही आजचीच अवस्था टिकण्याची संभाव्यता ०.९८ असेल, तर अवस्थेचा अपेक्षित काळ १ ÷ (१ − ०.९८), म्हणजे ५० दिवस. मॉडेलमधून संभाव्यता दोन तऱ्हेच्या निघतात. फिल्टर्ड संभाव्यता त्या दिवसापर्यंतच्याच किमती पाहते, स्मूद्ड संभाव्यता पुढच्याही पाहते. दुसरीचा आलेख देखणा दिसतो, म्हणून तीच साठवण्याचा मोह होतो. एजंटला मात्र पहिलीच द्यायला हवी. एवढ्यानेही भागत नाही. मॉडेलचे गुणांक (त्यातले ठरवायचे आकडे) संपूर्ण इतिहासावर बसवले असतील, तर फिल्टर्ड आकड्यांतही भविष्य झिरपलेले असते. दर महिन्याला फक्त तोवरच्या माहितीवर मॉडेल पुन्हा बसवावे. पुन्हा बसवताना अवस्थांचे क्रमांक उलटू शकतात, कालची ‘०’ आज ‘१’ होते. क्रमांकावर विसंबू नये. दर वेळी परताव्यातील चढउताराच्या क्रमाने अवस्था लावून मगच नावे द्यावीत.

एजंटशी जोडणीसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरची साधने जोडण्याची ठरावीक पद्धत, सोयीचा पडतो. त्यात साधनाचे नाव, वर्णन आणि मागणीचा साचा जाहीर करता येतो. वर्णनावर मेहनत घ्यावी, कारण एजंट साधन निवडतो ते वर्णन वाचूनच. उत्तर आटोपशीर असावे. २० वर्षांचा रोजचा इतिहास म्हणजे सुमारे ५,००० ओळी; तेवढ्या ओतल्या तर एजंटची संदर्भ-मर्यादा (एका वेळी वाचता येणारा मजकूर) त्यातच संपू शकते. सलग दिवस जोडून ‘पासून, पर्यंत, अवस्था, संभाव्यता, ज्ञात तारीख, मॉडेल-आवृत्ती’ असे टप्पे दिले तर तोच इतिहास बराच थोडक्यात मावतो. सरासरी, टक्केवारी, अवस्थेतील एकूण दिवस ही गणिते साधनानेच करून द्यावीत. एजंट ज्यावर चालतो ते भाषिक मॉडेल लांब रकान्यांच्या बेरजेत चुकू शकते.

रिकामी यादी कधीही पाठवू नये. माहितीसाठा १९९० पासूनचा असेल आणि १९८७ ची मागणी आली, तर रिकाम्या यादीचा अर्थ एजंट ‘त्या वर्षी काही घडले नाही’ असा लावतो. ‘माहिती १९९० पासून उपलब्ध’ असे शब्दांत सांगावे.

भविष्याची माहिती झिरपण्याची एक गळती साधनाला बुजवता येत नाही. मार्च २०२० मध्ये काय झाले हे भाषिक मॉडेलने प्रशिक्षणातच वाचलेले असते. साधनाने ज्ञान-तारीख काटेकोर पाळली तरी एजंट स्वतःच्या आठवणीतून उत्तर सुधारून घेऊ शकतो. त्यामुळे चाचणी भाषिक मॉडेलच्या प्रशिक्षणानंतरच्या काळावर घ्यावी. ते शक्य नसेल, तर निर्देशांकाचे नाव झाकावे, तारखा सरकवाव्यात आणि पहिली किंमत १०० धरून बाकीच्या किमती त्या प्रमाणात मांडाव्यात. तरीही २०२० सारखी खोल आणि झटपट घसरण नुसत्या आकारावरूनही ओळखता येते. असे टप्पे निकालात वेगळे दाखवावेत.