ट्रेकवर साप दिसला तर : आमच्यासोबत येणाऱ्यांसाठी

पन्हाळा–पावनखिंड असो, दाजीपूर असो की गगनबावड्याकडची एका दिवसाची भटकंती, बुकिंग करताना हमखास विचारलं जातं, "साप असतात का हो तिकडं?" असतात की. बरेचसे धामण, दिवड असे बिनविषारी. विषारी म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि घाटमाथ्यावरच्या झुडपांत बसणारा चापडा.

पायांची चाहूल लागली की नाग, धामण सहसा आपणहून वाट सोडतात. घोणसीचं तसं नाही. ती पाचोळ्यात वेटोळं घालून तशीच पडून राहते आणि फार जवळ गेलात तर कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. हा आवाज आला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा आणि मग आल्या पावली मागं या. आठ-दहा फूट अंतर पुरतं. साप पाठलाग करत नाही. फोटोसाठी माणूसच त्याच्याकडं जातो. चापडा तर पानांतच मिसळून गेलेला असतो, म्हणून चढताना फांदी धरण्याआधी ती नीट बघा. कपारीत, दगडी गडग्यात हात घालू नका.

घोट्याच्या वर येणारे बूट, जाड मोजे, सैल फुलपँट हवी. कोल्हापुरी पायताणाचा आम्हालाही अभिमान आहे, पण ते घरीच ठेवा. अंधार पडला की लघवीलासुद्धा बॅटरीशिवाय जायचं नाही.

वाडीत मुक्काम असेल तेव्हा धास्ती मण्यारीची. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड, बोलणं अडखळतं. म्हणून मच्छरदाणी देतो. तिच्या कडा गादीखाली खोचा. रात्री असं काही वाटलं तर "पित्त झालं असेल" म्हणून पडून राहू नका, लीडरला उठवा.

चावलाच तर अंगठी, बांगड्या, घड्याळ, बूट लगेच काढा, कारण सूज चढते. चावा बसलेला हात किंवा पाय काठीच्या आधारानं स्थिर बांधा, पण आवळू नका. कापणं, चोखणं, बर्फ लावणं, अंगारा, झाडपाला यातलं काहीही नाही. यावर आम्ही वाद घालत नाही. चावलेल्याला चालवायचं नाही. आम्ही उचलून रस्त्यापर्यंत आणतो, रेंज मिळेल तिथून १०८ ला फोन करतो आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात नेतो. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप मारणं गुन्हा आहे. चापड्यावर ते प्रतिविष चालत नाही, तरी दवाखाना चुकवायचा नाही.

बुकिंगच्या फॉर्मवर घरच्यांचा चालू नंबर आणि रोजची औषधं लिहा. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ती ठळक अक्षरात.